लाल ठिपके, हिरवे ठिपके

विसरवाडी सुटली की मी बसची खिडकी लावून घेतो. शेजारच्याला वाटतं याला थंडी वाजतेय. डिसेंबरात थंडी असतेच, पण माझं कारण वेगळं. नंदुरबार जवळ आलं की रस्त्याच्या कडेला मिरचीच्या पथाऱ्या सुरू होतात. मोकळ्या रानात ओली लाल मिरची वाळायला अंथरलेली असते, नजर जाईल तिथपर्यंत, आणि खिडकी कितीही घट्ट लावली तरी तिचा ठसका फटीतून आत येतोच. सगळी बस खोकते. खोकता खोकता लोक मोबाइल काढतात, फोटो घेतात, काय रंग आहे म्हणतात. मीही मान वळवून बघतो. मला तिथं काहीतरी मळकट, भुरकट पसरलेलं दिसतं, बाजूच्या गवतापेक्षा जरा गडद. तेवढंच.

मी सुरतेला एका कॉलेजात शिकवतो, आणि हंगामात दोन-तीनदा तरी याच रस्त्यानं घरी येतो. दर वेळी तो ठसका घशात उतरला की मी मोबाइल काढून घरी फोन लावतो, सगळं ठीक आहे ना म्हणून. आता काही कारण उरलेलं नाही. बापू हिंडते-फिरते आहेत, माय ठणठणीत आहे, माझी नोकरी चालू आहे. पण हाताला हे कोण समजावणार? त्याला तो एक हंगाम आठवतो आणि तो आपलं काम करतो.

मुळात मी काळजीखोर माणूस. कुलूप लावलं की नाही ते बघायला जिना परत चढणारा. बायको म्हणते, तुम्हाला काळजी करायला काही नसलं तर तुम्ही त्याचीच काळजी कराल. खरं आहे तिचं. पण त्या हंगामातली काळजी अशी उगाच उगवलेली नव्हती. तिला चांगलं पोटभर कारण होतं.

आमचं गाव ब्राह्मणपुरीपासून जवळ. घरी केळी, कापूस आणि थोडी मिरची. मिरची तोडायला डोंगरातून पावरा आदिवासी बाया उतरून यायच्या, आणि लहानपणी सुट्टीत मलाही त्यांच्या ओळीला लावायचे. लाल तेवढी तोडायची, हिरवी झाडावर ठेवायची. एवढं साधं काम. माझी टोपली निघायची ती अर्धी लाल, अर्धी हिरवी. एक म्हातारी बाई माझ्या टोपलीत हात घालून ओळीतल्या सगळ्यांना दाखवायची, आणि त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. बापूंना वाटायचं, पोरगं कामचुकार आहे, मुद्दाम करतं. शाळेत चित्राच्या तासाला मी झाडाला तांबडी पानं काढली तेव्हा मास्तरांना वाटलं, याच्याकडं खडूच नाहीत. कुणाला काय काय वाटत गेलं. मला मात्र वाटायचं, सगळ्यांनाच असं अंदाजानं ओळखावं लागत असेल, मी जरा मठ्ठ आहे इतकंच.

मायला पहिल्यापासून कळलं होतं. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या आजाला, असंच होतं. आजा मिरचीचाच शेतकरी, आणि पिकलेली मिरची हातानं दाबून ओळखायचा. बाजारात मात्र दाबत बसायला वेळ नसतो. म्हणून माय लहान असताना त्याच्यासोबत जायची आणि त्याच्या मागं उभी राहून हळूच सांगायची, ढीग कसा आहे, त्यात हिरवी किती आहे. लोकांना वाटायचं, पोरीचा बापावर फार जीव, सोडतच नाही त्याला. जीव होताच. पण ती त्याचे डोळे म्हणून जात होती, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढं शहाद्याच्या डॉक्टरांनी मला ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. ठिपक्यांत आकडे लपलेले असतात म्हणे. मला एकही दिसला नाही. डॉक्टर चांगला माणूस होता, समजावून सांगायला गेला. म्हणाला, घाबरू नका, यात आंधळं वगैरे होत नाही, हे आईकडून मुलाकडं येतं. झालं. बाकी सगळं माय विसरली, आणि ते एक वाक्य घेऊन घरी आली. बसमध्ये माझा हात धरून बसली होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. तेव्हापासून माझ्या डोळ्यांचं काहीही निघालं की तिचा चेहरा उतरायचा. मी पुण्याला शिकायला गेलो तरी दर रविवारी फोनवर जेवणाच्या आधी तोच प्रश्न. "डोयासनं काही नही ना रे?"

मी गणिताकडं वळलो तो याच कारणानं. गणितात रंग नसतो. पाच हा पाचच, तो कुणाला हिरवा दिसत नाही. आकड्यांच्या गावात मी इतर कुणाइतकाच डोळस होतो. आणि मग नशिबाची गंमत बघा, गणितातून क्वांटम संगणकाकडं गेलो, तिथून त्या संगणकाच्या प्रोग्रॅमबद्दल विचार करायच्या एका चित्रभाषेकडं गेलो, आणि त्या भाषेत अक्षरं दोनच. लाल ठिपका आणि हिरवा ठिपका. पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर दोन खडूंनी चित्र काढलं आणि मला हसूच आलं. मॅडम म्हणजे माझ्या गाइड. त्यांना वाटलं मला विषय आवडला.

विषय आवडला होताच. क्वांटम संगणकाचा प्रोग्रॅम आकड्यांत लिहायला गेलं तर पानभर कोष्टक होतं. माहिती वाहणारी एक तार वाढवली की कोष्टक दुप्पट लांब, दुप्पट रुंद. चार-पाच तारा झाल्या की माणसाचं डोकं काम करत नाही. चित्रात तसं नाही. तारा डावीकडून उजवीकडं जातात, त्यांच्यावर ठिपके असतात, ठिपक्यात एखादा कोन लिहिलेला असतो. तार वाकवा, ताणा, एकीवरून दुसरी न्या, काही बिघडत नाही. कोण कुणाला जोडलेलं आहे तेवढंच महत्त्वाचं. एकाच रंगाचे दोन ठिपके तारेनं शेजारी आले की ते एक होतात आणि त्यांचे कोन मिळवले जातात. वेगळ्या रंगांचे आले तर नियम वेगळे. असे मोजके नियम लावत लावत एक चित्र दुसऱ्यात बदलता आलं, म्हणजे ते दोन प्रोग्रॅम एकच काम करतात हे सिद्ध झालं. कोष्टक न मांडता. मला ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन एकटाच फिरत होतो. इतकं सुंदर काही आपल्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

रंगाचं मी मॅडमना लगेच सांगून टाकलं होतं. त्या अगदी सहज म्हणाल्या, अरे, या विषयात तुझ्यासारखे बरेच आहेत, म्हणून तर संगणकावर हिरवा फिका ठेवतात आणि लाल गडद. पडद्यावर खरंच अडचण नव्हती. फिका तो हिरवा, गडद तो लाल. पण मला विचार करायला कागद लागतो. मोठे कागद, लादीवर पसरून. आणि कागदावर मी स्केचपेननं काढायचो. माझ्या डोळ्यांना दोन्ही पेनं सारखीच, म्हणून लाल पेनाच्या टोपणावर मी ब्लेडनं दोन खाचा पाडल्या होत्या. खाच लागली की लाल. अंगठ्याला सवय झाली होती, बघावंही लागायचं नाही.

टोपणावर. पेनावर नाही, टोपणावर. हे किती मोठं शहाणपण होतं ते पुढं कळलं.

त्या पावसाळ्यात प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाची सिद्धता मी अशीच कागदांवर काढली. एकातून एक निघणारी चित्रं, लादीभर. त्यावरून सोबतच्या एकानं संगणकावर मोजक्या आकृत्या करून दिल्या, मधल्या पायऱ्या कागदावरच राहिल्या, आणि आम्ही शोधनिबंध पाठवला. दिवाळी झाल्यावर परीक्षकाचं उत्तर आलं. त्यानं एक छोटं उदाहरण आकडे घालून तपासलं होतं, आणि माझे दोन 'सारखे' प्रोग्रॅम सारखं उत्तर देत नव्हते. कुठंतरी चूक आहे, असं त्यानं लिहिलं होतं. आणि पुढं, अगदी सभ्यपणे: आकृत्या काढताना एखाद्या ठिकाणी लाल-हिरव्याची अदलाबदल झाली आहे का, हे लेखकानं बघावं.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. पहिला विचार आला तो टोपणांचा. दोन्ही पेनं उघडी, हातात कागद, डोक्यात तंद्री. कधीतरी टोपणं उलटी बसली असणार. मग खाच लागलेलं पेन हिरवं, आणि मी ते लाल म्हणून वापरत सुटलो असणार. पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. ज्याला दिसतं त्याला टोपण उलटं बसलेलंही दिसतं.

याच सुमाराला बापूंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही, वावरात जायचं नाही असं बजावलं, आणि मिरची तर पिकून उभी. मी कागदांची गुंडाळी बॅगेत कोंबली आणि घरी आलो. उत्तर द्यायला मुदत होती संक्रांतीपर्यंतची. ते प्रकरण टिकलं तर प्रबंध टिकणार होता. नाही टिकलं तर काय, हे मी स्वतःशी पुरतं बोलतही नव्हतो. एक वर्ष जाईल, ते ठीक. पण या माणसाला रंग कळत नाहीत आणि हा रंगांच्या भाषेत सिद्धता लिहायला निघाला होता, हे एकदा नावाला चिकटलं की सुटणार नव्हतं. मॅडम काही बोलल्या नसत्या. त्यांचं न बोलणंच मला आधी ऐकू यायला लागलं होतं.

सकाळी वावरात, दुपारी ओट्यावर कागद. आभाळ रोज दुपारनंतर भरून यायचं. डिसेंबरात पावसाचं काय काम? पण सगळं गाव मान वर करून बसलेलं. ज्यांची मिरची तोडून अंगणात पडलेली ते ताडपत्र्या हाताशी ठेवून होते. कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. मला त्या दिवसांत बरं वाटायचं ते एवढ्याचसाठी, की गावात काळजी करणारा मी एकटा नव्हतो. माझा चेहरा कुणाला वेगळा दिसला नाही.

स्वतःची समजूत मी गणितानंच घालत होतो. या चित्रभाषेत एक गोष्ट आहे. सगळ्याच्या सगळ्या ठिपक्यांचे रंग उलटे केले, तर सगळे नियम तसेच खरे राहतात. म्हणजे टोपणं पहिल्या दिवसापासून उलटी असती तरी सिद्धतेला काही झालं नसतं. जन्मभर सगळं उलटं बघणारा माणूस आणि सुलटं बघणारा माणूस, दोघांचं गणित जुळतं. बिघडतं ते मधेच बदललं तर. चौथ्या कागदापर्यंत एक आणि पाचव्यापासून दुसरं, असं झालं असेल तर सगळं मातीत. मी कागद उजेडात धरायचो, तिरके धरायचो, पेनाचा दाब कुठं बदलला आहे का ते नखानं चाचपायचो. आजा मिरची दाबायचा तसं. कागद काही सांगत नव्हता.

खरं तर फोटो काढून पुण्याला पाठवला असता तर सोबतच्यांनी दहा मिनिटांत सांगितलं असतं. पण ते मला नको होतं. वाईट बातमी असली तर ती आधी मला कळायला हवी होती, दुसऱ्याच्या तोंडून नको. असा वेडेपणा. भीतीत माणूस जे हिशेब करतो ते नंतर कुणाला सांगण्यासारखे नसतात.

मायनं चार-पाच दिवस पाहिलं. ओट्यावर कागद पसरून मी नुसता बसलोय, लिहीत काहीच नाही. शेवटी एका दुपारी ती समोर येऊन उभी राहिली.

"काय व्हयनं रे? जेवस नही, बोलस नही."

मी म्हटलं, काही नाही, कामाचं आहे.

"डोयासनं शे ना?"

मी हातातला कागद पालथा घातला. तिनं ते उत्तर समजून घेतलं. घरात जाऊन साबणानं हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसली.

"दखाड. कोनता रंग कोठे शे ते सांगनं ना? मन्हा बापले सांगेल शे मी. तुले बी सांगसू."

मी तिला समजावून सांगितलं, की मी बोट ठेवीन त्या ठिपक्याचा रंग सांगायचा. मी दुसऱ्या कागदावर 'ल' किंवा 'ह' लिहीन. बाकी काही समजायची गरज नाही. तिनं मान डोलावली, चष्मा लावला आणि सुरू झाली.

"लाल. हिरवा. हिरवा. लाल. हाऊ बी लाल."

काय आवाज होता तिचा. इतका सावध. प्रत्येक ठिपक्यापाशी थांबायची, कागद जवळ घ्यायची, मग सांगायची. मधेच म्हणाली, "मी चुकनू तं तू बी चुकशी." मग मीच तिला सांगायला लागलो की घाई नाही, हळू सांग. बाजारात बापाच्या मागं उभी राहून सांगणारी ती पोरगी मी कधी पाहिली नव्हती. त्या दुपारी पाहिली. आणि मला भयंकर वाईट वाटलं, की एवढ्या वर्षांनी हिला पुन्हा तेच काम करावं लागतंय, आणि या वेळी आपल्या हातून मुलात काय गेलं याचा हिशेब मनात ठेवून.

तिसऱ्या कागदावर ती अडली. "हाऊ कोनता म्हनू? हिरवावर लाल शे का लालवर हिरवा, मले समजी नही ऱ्हायनं."

तिथं मी काहीतरी गिरवलं होतं. का गिरवलं ते आठवेना. म्हणजे मला तेव्हाच शंका आली होती? म्हणजे टोपणं तेव्हाच बदलली? मायनं कागद घेतला, अंगणात उन्हात गेली, इकडून तिकडून बघितला. मी ओट्यावर बाकीचे कागद सरळ करत राहिलो.

"लाल शे," ती तिथूनच म्हणाली. "खाले बी लाल, वर बी लाल. दोनदा काढेल शे. सायी पसरेल शे म्हनीसन काया दिखस."

दोनदा काढलेला लाल. शाई पसरून काळा झालेला. इतकंच.

दोन दुपारी लागल्या. संपलं तेव्हा माझ्यासमोर 'ल' आणि 'ह' यांनी भरलेले कागद होते. मी एकेक पायरी नियमाशी ताडून पाहिली. सगळे रंग जिथल्या तिथं होते. एकही ठिपका चुकलेला नव्हता. टोपणं कधीच बदलली नव्हती.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट जास्तच घाबरलो. कारण चूक तर होतीच, परीक्षकाचं उदाहरण खोटं नव्हतं. इतके दिवस निदान चुकीला एक जागा होती. डोळ्यांवर ढकलून मी मोकळा होतो. आता ती कुठंही असू शकत होती, आणि रंग दिसणं न दिसणं याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. मायला मी फक्त रंग बरोबर आहेत एवढं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं, मी तिची समजूत घालतोय. "मंग तुन्हं तोंड काब्र उतरेल शे?" म्हणाली आणि उठून गेली.

दोन दिवसांनी मिरचीची पोती गाडीत टाकून बाजारात निघालो होतो. पुरुषोत्तमनगरपाशी उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. साखर कारखान्याचा हंगाम जोरात, रस्ता तुंबलेला, पुढं काही दिसत नाही. इंजिन बंद करून बसलो. मागून मिरचीचा ठसका, समोर उसाच्या मोळ्या. करायला काहीच नव्हतं, म्हणून डोक्यात पहिल्या कागदापासून चित्र फिरवत होतो. आणि पहिल्यांदाच माझं लक्ष ठिपक्यांवरून हटलं आणि मी टाकून दिलेल्या गोष्टीकडं गेलं.

आमच्या या धंद्यात एक रिवाज आहे. चित्र सोपं करत जाताना कधीकधी एखादा तुकडा सुटा पडतो. त्याची तार कुठंच जात नाही, बाकीच्या चित्राशी त्याचा संबंध राहत नाही. तो एक नुसता कोन असतो, सगळ्या चित्राला मिळून एकच. सगळ्यांना सारखाच लागू, म्हणून उत्तर मोजताना तो दिसत नाही. असला काय, नसला काय. म्हणून आम्ही तो पुसतो आणि पुढं जातो. मीही पुसला होता. पण तिसऱ्या प्रकरणात तोच प्रोग्रॅम मी एका 'जर'च्या आत ठेवला होता. वरची तार चालू असेल तरच हा चालव, नसेल तर गप्प बस. आता तो कोन सगळ्यांना सारखा कुठं राहिला? वरची तार चालू असताना लागणार, बंद असताना नाही. जो दिसत नव्हता तो आता उत्तरात उतरणार. मी तो केव्हाच फेकून दिला होता.

मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. रांग सरकली होती आणि मी स्टिअरिंग धरून बसलो होतो.

नंतर मी पुष्कळदा विचार केला, की इतके आठवडे हे मला का दिसलं नाही. अवघड नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगतात, की 'जर' आला की सुटे तुकडे टाकायचे नाहीत. पण भीती एका जागेवर बोट ठेवते आणि म्हणते, इथंच बघ. ज्या जागेची माणसाला जन्मभर लाज वाटत आलेली असते तीच जागा ती निवडते. परीक्षकानं रंगाचं नाव काढलं नसतं तरी मी तिथंच गेलो असतो. आज वर्गात एखादा मुलगा रडकुंडीला येऊन म्हणतो की माझं इंग्रजीच कच्चं आहे म्हणून चुकलं, किंवा एखादी मुलगी म्हणते मी आश्रमशाळेतून आलेय म्हणून, तेव्हा मी त्यांना आधी कागद दाखवायला सांगतो. बहुतेक वेळा चूक भलतीकडंच असते, आणि साधी असते. हे मी त्यांना सांगतो खरा. ते ऐकतात की नाही, माहीत नाही. मीही ऐकलं नसतं.

प्रकरण पुन्हा लिहावं लागणार होतं. टाकलेला कोन परत आणायचा, तो प्रत्येक पायरीतून नीट सांभाळत न्यायचा, आणि शेवटी विधान होतं त्यापेक्षा लहान करायचं. ते मी पुढं केलं, सगळा उन्हाळा त्यात गेला. मॅडमना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, माझ्याही नजरेतून सुटलं रे. त्यांचे डोळे अगदी व्यवस्थित आहेत.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मिरची विकून घरी आलो तेव्हा वर्ष गेलं हे मला कळलेलं होतं, आणि ते घरात कसं सांगायचं ते कळत नव्हतं. बापू ओट्यावर बाजेवर पडलेले. माय अंगणात घरची मिरची निवडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"माय, चूक सापडनी."

तिचा हात थांबला. चूक किती मोठी, आता पुढं काय, यातलं तिनं काही विचारलं नाही.

"डोयासनी का?"

"नही. डोयासनी नही. मन्ही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी समजूत घालतोय का हे ती शोधत होती, आणि तिला ते शोधता येतं. "चांगला डोयावाला बी करतीन का आशी चूक?"

"करतीन, माय. मॅडमनी बी व्हई जाती."

मग ती रडायला लागली. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी. हात मिरचीचे, त्यामुळं पुसताही येईना. दंडानं तोंड झाकलं तिनं, आणि थोड्या वेळानं दंड खाली केला तर ती हसत होती. असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बापू बाजेवरून कोपरावर उठले.

"काय व्हयनं?"

"पोऱ्यानी चूक सापडनी," मायनं सांगितलं. पहिला नंबर आल्यासारखं.

"मंग हासी काब्र ऱ्हायनी?"

"तुमले नही समजाव. इतला वरीस मन्हा डोकावर व्हतं ते आज उतरनं."

बापूंनी माझ्याकडं पाहिलं. माझं एक वर्ष गेलं होतं आणि माझ्या घरात सण असल्यासारखं झालं होतं. मी मायला सांगायला लागलो, की तसं नाही, हे वाईट झालंय, आता सगळं पुन्हा करावं लागेल, किती महिने लागतील सांगता येत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सूप पुढं ओढलं.

"आते हाई चूक तुन्ही एकलानी शे," ती म्हणाली. "तू निस्तर."